ठाण्यात किंवा नवी मुंबईत बसून महापालिकेच्या कारभारावर संशोधन कसं करायचं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

एमएच्या शेवटच्या वर्षाला, एलएलएमला किंवा पीएचडीच्या पहिल्या सहामाहीत मुलं जो विषय घेऊन येतात तो बहुतेक वेळा असा असतो: ‘महाराष्ट्रातील नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांपुढील आव्हाने’. विषयात खोट काही नाही, फक्त त्यावर काम कुठून सुरू करायचं हे कोणालाच सांगता येत नाही. मग सहा महिने इंटरनेटवरचे लेख गोळा होतात, ‘प्रस्तावना’ नावाचं प्रकरण चाळीस पानांचं होतं आणि पालिकेची पायरी मात्र चढलेली नसते.

लोकप्रशासन आणि कायदा या विषयांतलं संशोधन म्हणजे माग काढायचं काम. निर्णय कोणी घेतला, कोणत्या कलमाखाली घेतला, कागदावर काय लिहिलं आणि प्रत्यक्षात काय झालं. हे चार धागे हातात आले की सिद्धांत वगैरे नंतर लावता येतो. आपल्याकडे उलटं होतं, सिद्धांत आधी येतो आणि कागद कधीच येत नाही.

खाली जे लिहिलंय ते ठाणे किंवा नवी मुंबईत राहून, फारसे पैसे न खर्चता, अशा विषयावर काम करू पाहणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलंय, म्हणजे पायऱ्या एकमेकींना जोडलेल्या दिसतील.

प्रश्न आधी, विषय नंतर

उदाहरण असं. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. नवी मुंबईची निवडणूक आधी करोनामुळे पुढे गेली, मग दोन्हीकडे ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकले. जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत दोन्ही ठिकाणी आयुक्त हेच प्रशासक होते. म्हणजे प्रस्ताव प्रशासनाने मांडायचा आणि महासभेच्या किंवा स्थायी समितीच्या अधिकारात त्याला मंजुरीही त्याच प्रशासनाच्या प्रमुखाने द्यायची. यातून एक हाताळण्याजोगा प्रश्न निघतो: सभागृह असताना झालेले ठराव आणि प्रशासकाच्या काळातले ठराव यांत काय फरक दिसतो? किती प्रस्ताव तहकूब झाले, किती फेटाळले गेले, किती दुरुस्तीसह मंजूर झाले?

आपला प्रश्न ठीक आहे का, हे तपासायची माझी कसोटी साधी आहे. ज्या कागदावर त्याचं उत्तर आहे त्या कागदाचं नाव सांगता आलं पाहिजे. इथे ते सांगता येतं: सभेची विषयपत्रिका, विषयाचा गोषवारा, ठराव आणि सभेचं इतिवृत्त. ‘सुशासनाची सद्यःस्थिती’ या विषयासाठी कोणता कागद मागणार?

कालखंड निवडताना थोडं डोकं लावा. २०२०-२१ घेतलंत तर जे दिसेल ते प्रशासक असल्यामुळे की करोनामुळे, हे वेगळं काढता येणार नाही. निवडणुकीचं वर्षही टाळा, आचारसंहितेत सभा नेहमीसारख्या चालत नाहीत. मी असतो तर २०१८-१९ आणि २०२२-२३ अशी दोन आर्थिक वर्षं समोरासमोर ठेवली असती. दोन्ही शहरांना ती लागू पडतात.

‘नवी मुंबई’ म्हणजे कोणती?

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण तोंडी परीक्षेत पोरं इथेच अडकतात. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ पासून आहे आणि ती ठाणे जिल्ह्यात आहे. सिडको मार्च १९७० मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली तिला नव्या शहराचं विकास प्राधिकरण नेमलं गेलं, आणि तिचं क्षेत्र पनवेल-उरणपर्यंत, म्हणजे रायगड जिल्ह्यात जातं. पनवेलला २०१६ पासून स्वतःची महापालिका आहे. नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाची हद्द आणखी वेगळी, त्यात पनवेल-उरणही येतं. तेव्हा ‘नवी मुंबईत अमुक इतके गुन्हे’ हा आकडा आणि ‘नवी मुंबईची लोकसंख्या’ हा आकडा एकमेकांनी भागलात तर उत्तर येईल, पण त्याला अर्थ नसेल. एमआयडीसीचा ठाणे-बेलापूर पट्टा महापालिकेच्या हद्दीत असून तिथल्या बऱ्याच गोष्टी एमआयडीसी पाहते, हेही ध्यानात ठेवा.

ठाण्याचं दुखणं निराळं. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. त्याआधीची आणि नंतरची ‘ठाणे जिल्ह्याची’ आकडेवारी सरळ शेजारी लावता येत नाही. ठाणे पोलीस आयुक्तालयात कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी येतात, महापालिकेत मात्र मुंब्रा-दिव्यापर्यंतच. लोकसंख्येसाठी २०११ची जनगणना वापरावी लागते (ठाणे शहर १८ लाखांवर, नवी मुंबई ११ लाखांवर) आणि तिच्यातले प्रभाग आजचे प्रभाग नव्हेत. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक नकाशा आणि हद्दींवर एक पान लिहून टाका, पुढची सगळी भांडणं मिटतात.

कायदा मूळ वाचायचा

मुंबई महापालिका १८८८च्या स्वतंत्र कायद्यावर चालते. ठाणे आणि नवी मुंबई १९४९च्या अधिनियमावर. हा पूर्वी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम होता, २०१२ मध्ये त्याचं नाव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम झालं. जुन्या निकालांत आणि ठरावांत जुनं नाव दिसेल, घाबरू नका, कायदा तोच. पण मुंबईवरच्या एखाद्या लेखातलं कलम उचलून ठाण्याला लावू नका, कलमांचे क्रमांक जुळत नाहीत.

गाइड किंवा नोट्स बाजूला ठेवा आणि मूळ कायदा घ्या. आपल्या उदाहरणासाठी चार ठिकाणं पुरतात. स्थायी समितीबद्दलची तरतूद, कलम २० पासून. कलम २९-अ, म्हणजे प्रभाग समित्या, ७४व्या घटनादुरुस्तीनंतर आलेलं. कलम ६७, आयुक्तांचे अधिकार. आणि कलम ४५१, ज्याखाली राज्य सरकार महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित (म्हणजे रद्द) करू शकतं. ‘विखंडित’ हा शब्द ठाण्याच्या राजकारणात एवढा फिरतो, पण कलम उघडून वाचलेला माणूस क्वचित भेटतो.

आता एक गोष्ट जी जवळजवळ सगळे सोडतात: कायद्याच्या शेवटी असलेली अनुसूची ‘ड’. खरा कारभार तिथे आहे. सभा कशी बोलवायची, कामकाज कसं चालवायचं, कंत्राट कसं द्यायचं, कराची देयकं कशी काढायची. पालिकेच्या बातम्यांत ‘पाच-दोन-दोनचे प्रस्ताव’ असं वाचलं असेल. निविदा न मागवता तातडीने करायच्या कामांबद्दलचा तो उल्लेख याच अनुसूचीतल्या कंत्राटांच्या प्रकरणाचा आहे. कलमांच्या यादीत शोधत बसलात तर सापडणार नाही.

संविधानातले अनुच्छेद २४३-त पासून पुढचे वाचा. मुद्दा कळण्यासाठी दोनच सांगतो. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या पालिकेत प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत, आणि पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. बारावी अनुसूची म्हणजे पालिकांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी. प्रत्यक्षात त्यातलं काय पालिकेकडे, काय एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि काय सिडकोकडे, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे आणि नवी मुंबईत तर फारच सुपीक आहे. साडेबारा टक्के योजनेतले (जमीन संपादित झालेल्यांना परत द्यायचे) भूखंड, गावठाणं, गावकऱ्यांनी गरजेपोटी परवानगीशिवाय बांधलेली घरं, या सगळ्यात नक्की कोणाचा अधिकार, याचं उत्तर वर्षागणिक बदलत आलंय.

शेवटची सूचना: कायद्याची प्रत कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त आहे ते पहिल्या पानावर बघा. २०१८ सालच्या ठरावाला २०१८ मध्ये लागू असलेली तरतूदच लावायची.

शासन निर्णय वाचायची पद्धत

राज्याच्या संकेतस्थळावर शासन निर्णय विभागवार मिळतात. आपल्याला लागतो नगर विकास विभाग. प्रत्येक निर्णयाच्या शेवटी ‘त्याचा संकेतांक … असा आहे’ अशी ओळ असते. त्या लांबलचक आकड्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. संदर्भ देताना तारीख आणि क्रमांकासोबत हा संकेतांकही लिहा, वाचणाऱ्याला मूळ कागद लगेच सापडतो.

नवखा माणूस थेट ‘शासन निर्णय’ या मथळ्याखालचा मजकूर वाचतो. जुना माणूस आधी वरची ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ यादी बघतो. तिथे आधीचे निर्णय, पत्रं, न्यायालयाचे आदेश क्रमाने दिलेले असतात, आणि त्यातला एकेक काढत मागे गेलात की धोरणाचा दहा-पंधरा वर्षांचा इतिहास हातात येतो. मग शेवटची ‘प्रत’ यादी बघायची: हा निर्णय कोणाकोणाला पाठवला? ज्या खात्याला प्रतच गेली नाही त्याने अंमल केला नाही, तर दोष नेमका कोणाचा? असे प्रश्न या यादीत दडलेले असतात.

परिपत्रक, शासन निर्णय, अधिसूचना आणि राजपत्रात छापलेले नियम यांचं वजन सारखं नसतं. परिपत्रकाने कायदा बदलत नाही. प्रबंधात सगळ्याला सरसकट ‘जीआर’ म्हणून मोकळं होऊ नका, परीक्षक कायद्याचा असेल तर तिथेच गुण जातात.

आधी कोणी काय केलंय

हा भाग लवकर उरकतो. शोधगंगेवर भारतातले प्रबंध फुकट वाचता येतात, त्यात ठाणे आणि नवी मुंबईवरचेही आहेत. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत, आणि ‘ठाणे’चं इंग्रजी स्पेलिंग जुन्या पद्धतीनेही टाकून शोधा. भारतीय लोकप्रशासन संस्थेचं नियतकालिक १९५५ पासून निघतंय, त्याच्या अनुक्रमणिका चाळा. इतिहासाची बाजू हवी असेल तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८२चा ठाणे खंड आहेच, आणि १८९३ साली स्थापन झालेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय जवळच आहे. १९२६ पासून काम करणारी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था, तिचा पदविका अभ्यासक्रम पालिकेचे कर्मचारी करतात. त्यांची क्रमिक पुस्तकं शैलीदार नसतील, पण कार्यालयातली भाषा आणि पद्धत त्यांतून जितकी कळते तितकी परदेशी पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

वर्तमानपत्रं धागा मिळवायला वापरा, पुरावा म्हणून नको. बातमीतला ‘शंभर कोटींचा प्रस्ताव’ कागदावर पाहिला की बरेचदा तो तीन वर्षांत विभागलेला, किंवा फक्त तत्त्वतः मान्य झालेला निघतो.

पालिकेतला कागद: आधी सोमवार, मग आरटीआय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

बहुतेकांना वाटतं, कागद पाहिजे म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज. त्याआधी एक सोपा रस्ता आहे. सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहायला द्यायचे ठरवले. सोमवारी सुट्टी असेल तर पुढचा कामाचा दिवस. या निर्णयाची प्रत छापून पिशवीत ठेवा. काही टेबलांवर तो माहीत नसतो, आणि कागद दाखवला की आवाज खाली येतो.

सोमवारी जाऊन काय करायचं? प्रती मागायच्या आधी रजिस्टर बघायचं. ठाण्यात पाचपाखाडीला मुख्यालय, नवी मुंबईत बेलापूरला. दोन्हीकडे आपलं काम सचिव विभागात. तिथे ठरावांची नोंद असते: तारीख, विषय क्रमांक, ठराव क्रमांक, थोडक्यात विषय. ती चाळून हवे ते क्रमांक उतरवून घ्या. क्रमांक हातात असला की पुढचा अर्ज दोन ओळींचा होतो आणि ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असं उत्तर द्यायला जागा राहत नाही.

आता अर्ज. महाराष्ट्रात नमुना ‘जोडपत्र अ’. शुल्क दहा रुपये. हातोहात द्यायचा तर कोर्ट फी स्टॅम्प लावा, ठाण्यात कोर्ट नाक्यावर मिळतो. २०१२च्या नियमांनी अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत ठेवायला सांगितलंय. म्हणून मोठी यादी करण्याऐवजी नेमकं मागा. उदाहरणार्थ:

‘१ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२३ या कालावधीत मा. प्रशासक यांनी महासभा व स्थायी समिती यांच्या अधिकारात मंजूर केलेल्या ठरावांच्या नोंदवहीचे व त्यासोबतच्या गोषवाऱ्यांचे अवलोकन करू द्यावे. अवलोकनानंतर मी निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.’

‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारू नका. ‘प्रस्ताव का फेटाळला?’ याला उत्तर येतं, ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही.’ त्याऐवजी त्या प्रस्तावाच्या नस्तीतल्या (म्हणजे फाइलमधल्या) टिपणीची प्रत मागा. नस्तीचे दोन भाग असतात, पत्रव्यवहार आणि टिपणी. पत्रव्यवहारात काय घडलं ते कळतं, पण लिपिकापासून आयुक्तांपर्यंत प्रत्येकाने काय शेरा मारला आणि कोणाच्या टेबलावर किती दिवस गेले, हे टिपणीत. ‘पुनश्च सादर करावे’, ‘लेखा विभागाचे अभिप्राय घ्यावेत’, ‘चर्चा करावी’ या तीन शेऱ्यांत प्रशासनाचा निम्मा स्वभाव सामावलाय. संशोधकाला सोनं मिळतं ते तिथे.

अर्ज देताना स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. पोच नसेल तर अपिलात तुमच्याकडे काहीच नाही. कारण सांगायची गरज नाही, कायदाच तसं म्हणतो. उत्तराला ३० दिवस. प्रतीला पानामागे दोन रुपये. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत प्रथम अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. त्यावरही समाधान नसेल तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. दुसऱ्या अपिलाच्या भरवशावर मात्र प्रबंधाचं वेळापत्रक बांधू नका. तिथे वेळ लागतो, आणि तुमची फेलोशिप तेवढी थांबत नाही.

अर्ज कोणाकडे करायचा, तेही जाणून घ्या. ठाण्यात स्थानिक पातळीवर प्रभाग समिती कार्यालयं आहेत, नौपाडा-कोपरीपासून दिव्यापर्यंत नऊ. नवी मुंबईत विभाग कार्यालयं आहेत, बेलापूरपासून दिघ्यापर्यंत आठ. प्रत्येक खात्याचा जनमाहिती अधिकारी वेगळा असतो. चुकीच्या खात्यात गेला तर अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची आहे, पण मुळातच बरोबर पत्ता लिहिलेला बरा.

‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर लगेच घोटाळा समजू नका. सरकारी कागदांचं वर्गीकरण ठरलेलं असतं: अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षं, क-१ दहा वर्षं, क पाच वर्षं, ड एक वर्ष. तुम्ही मागितलेला कागद कोणत्या वर्गातला आणि त्याची मुदत कधी संपली, हे विचारा. मुदतीआधी नष्ट केला असेल तर नष्ट केल्याची नोंद मागा. ही नोंद असणं किंवा नसणं, दोन्ही तुमच्या प्रबंधाचा भाग होतं.

वैयक्तिक माहितीच्या बाबतीत आता जपून. अशी माहिती नाकारायची मुभा देणारं माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने बदललंय आणि नकार द्यायला मोकळीक वाढलीय. कोणत्या कर्मचाऱ्याची रजा, कोणाचा गोपनीय अहवाल, असलं काही मागू नका. ठरावांवरच्या कामाला ते लागतही नाही.

कागदातून तक्ता

प्रती आल्या की तक्ता करा. रकाने मी असे ठेवीन: तारीख, ठराव क्रमांक, विषय, कोणत्या कलमाखाली, रक्कम, सूचक, अनुमोदक, चर्चेची पानं, निकाल. सभागृहाच्या काळात सूचक-अनुमोदकाच्या रकान्यात नगरसेवकांची नावं येतात, प्रशासकाच्या काळात ते दोन्ही रकाने मोकळे राहतात. मोकळा रकाना ही माहितीच आहे, तो काढून टाकू नका.

अर्थात, मोह आवरा. ‘सभागृह असताना चर्चा होत असे, प्रशासकाच्या काळात झाली नाही’ असं लिहायची घाई होते. इतिवृत्तं वाचाल तर दिसेल की कित्येक कोटींचे विषय भरल्या सभागृहातही एका दमात ‘सर्वानुमते मंजूर’ झालेले असतात, आणि गोंधळात पुकारलेल्या विषयांना चर्चेचं एक पानही नसतं. उलट प्रशासकाच्या काळातल्या एखाद्या टिपणीत लेखा अधिकाऱ्याने घेतलेला आक्षेप कोणत्याही नगरसेवकाच्या भाषणापेक्षा टोकदार निघू शकतो. दोन्ही बाजूंचं मोजून मगच बोला.

पैशाचा विषय असेल तर अर्थसंकल्पातला मूळ अंदाज हा फक्त इरादा समजा. सुधारित अंदाज बघा, आणि दोन वर्षांनंतरच्या अर्थसंकल्पात छापलेला प्रत्यक्ष खर्च बघा. बातम्या पहिल्यावर होतात, प्रबंध तिसऱ्यावर व्हावा.

न्यायालयाचे निकाल

मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर शोधताना एक खाचखळगा आहे. बृहन्मुंबईबाहेरच्या याचिका अपील शाखेत नोंदवल्या जातात. ठाणे किंवा नवी मुंबईची रिट याचिका मूळ शाखेत शोधत बसलात तर ती नाहीच असं वाटेल. शाखा बरोबर निवडा, मग पक्षकाराच्या नावात महापालिकेचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने टाका.

आपल्या उदाहरणासाठी सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल वाचल्याशिवाय चालणार नाही. किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका, २००६: मुदतीत निवडणूक घेणं बंधनकारक आहे, हे स्पष्ट शब्दांत. के. कृष्णमूर्ती, २०१०: स्थानिक संस्थांतल्या आरक्षणाचं स्वरूप. आणि विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, मार्च २०२१: ज्यातल्या तिहेरी कसोटीमुळे (आधी आयोगाकडून पाहणी, तिच्यावरून आरक्षणाचं प्रमाण, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत) ओबीसी आरक्षणाचा प्रश्न उभा राहिला आणि पुढे ही पाहणी करायला बांठिया आयोग आला. क्रम हाच ठेवा. शेवटचा आधी वाचलात तर तो हवेत लटकतो. ६ मे २०२५च्या अंतरिम आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं, आणि मतदानाला जानेवारी उजाडला. आदेश आणि अंमल यांत एवढं अंतर कसं पडलं, यावर कोणी एलएलएमचा शोधनिबंध लिहिला तर मी आवडीने वाचीन.

सारांशावर विसंबू नका, निकालाचा परिच्छेद क्रमांक स्वतः वाचून द्या. न्यायमूर्तींनी ओघात केलेलं मतप्रदर्शन आणि बंधनकारक निष्कर्ष यांतला फरक कायद्याच्या मुलांना शिकवलेला असतो, लोकप्रशासनाच्या मुलांनी तो मैत्रिणीकडून शिकून घ्यावा.

माणसांशी बोलणं

कागद वाचून झाल्यावरच मुलाखती घ्या. हातात ठराव क्रमांक असला की समोरचा माणूस तुम्हाला ‘कॉलेजचा प्रोजेक्टवाला’ समजत नाही.

वरिष्ठ अधिकाऱ्यांकडून धोरण कळतं, पद्धत कळते ती लिपिक, वरिष्ठ लिपिक आणि अधीक्षकांकडून. एका स्थानिक कार्यालयात निवृत्तीला आलेल्या एका काकांशी बोलत होतो. सरकारी रजिस्टर तारीखवार, त्यामुळे साहेबांनी अचानक ‘त्या गटाराच्या कामाचा मागचा ठराव काढा’ म्हटलं की शोधाशोध. म्हणून त्यांनी स्वतःपुरती दोनशे पानी वही केली होती, तपकिरी कव्हरची. पानांच्या कडेला बोटाएवढे कागद चिकटवून विषय लिहिलेले: पाणी, गटार, दिवाबत्ती, भाडेपट्टा, कोर्ट. प्रत्येकाखाली ठराव क्रमांक आणि कंसात एक अक्षर, ‘म’ म्हणजे मंजूर, ‘त’ म्हणजे तहकूब. ‘त’च्या पुढे पेन्सिलीने कारण. “बाळा, हे ऑफिसचं नाही हां, माझं आहे,” ते म्हणाले. आरटीआयच्या कोणत्याही अर्जाने ही वही मिळाली नसती, आणि प्रश्न कुठे खोदायचा हे तिने पाच मिनिटांत दाखवलं. अशी वही दाखवली गेली तर फोटो काढायच्या आधी विचारा, आणि नाही म्हणाले तर नाही.

विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या लेटरहेडवर मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र न्या. त्यात विषय, कालावधी आणि ‘माहिती केवळ शैक्षणिक कामासाठी वापरली जाईल’ हे वाक्य हवं. नाव छापायचं की नाही, हे सुरुवातीलाच विचारा आणि संमती लेखी घ्या. कर्मचारी असेल तर माझा सल्ला, त्याने हो म्हटलं तरी नाव देऊ नका. ‘दिव्याच्या कार्यालयातील एक महिला वरिष्ठ लिपिक’ असं लिहिलं की ओळख पटलीच, कारण तिथे तशी एकच असते. ‘एका प्रभाग कार्यालयातील कर्मचारी’ पुरे. फोनवर गुपचूप रेकॉर्डिंग नको.

माजी नगरसेवक भरभरून बोलतात, फक्त तारखा आणि श्रेय यांची गल्लत करतात. त्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट इतिवृत्ताशी ताडून बघा. प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांमधून जास्तीत जास्त तीन सदस्य नेमायची तरतूद कलम २९-अ मध्ये आहे. अशा माजी सदस्यांना गाठलंत तर बाकी कोणी न विचारलेली बाजू मिळेल: ते कसे निवडले गेले, सभेला किती वेळा बोलावलं, पाच लाखांपर्यंतच्या कामांना मंजुरी द्यायचा समितीचा अधिकार त्यांनी वापरलेला पाहिला का.

कधी जायचं

फेब्रुवारी-मार्चमध्ये पालिकेत जाऊ नका. अर्थसंकल्प आणि मार्चअखेरची बिलं, कोणाला मान वर करायला वेळ नसतो. एप्रिल-मेमध्ये बदल्या होतात, राज्याच्या २००५च्या बदल्यांच्या कायद्यात हेच महिने ठरवलेत. ज्या अधिकाऱ्याशी ओळख झाली तो नव्या टेबलावर गेलेला असतो. जून-जुलैत पाऊस, मोठी भरती असेल त्या दिवशी अर्धं कार्यालय आपत्कालीन कक्षात. त्यातल्या त्यात चांगला काळ ऑगस्टचा पहिला पंधरवडा, आणि मग दिवाळी झाल्यापासून जानेवारीपर्यंत. अर्ज मात्र जूनमध्येच टाकून ठेवा, म्हणजे प्रथम अपील करावं लागलं तरी दिवाळीआधी प्रती हातात येतात आणि मुलाखतीला जाताना पिशवीत ठराव असतात.

आणि सुट्ट्या पैशांची छोटी पाकिटं सोबत ठेवा. बत्तीस पानांचे चौसष्ट रुपये भरायला रोखपालाच्या खिडकीवर पाचशेची नोट काढलीत, तर ‘उद्या या’ ऐकावं लागतं.